चुगलखोर थंडी आणि रुसलेली गाडी

पहाटेचे सहा. बाहेर धुकं, अंगात स्वेटर, हातात चावी. तुम्ही झोकात सेल्फ मारता. गाडी म्हणते, खर्रर्र... खर्र... टक्. मग एकदम शांतता. तेवढ्यात समोरच्या गॅलरीतून चहाचा कप सावरत काका हजर! ‘‘बॅटरी गेली वाटतं! थंडीनं जातेच.’’

काकांचं निदान शंभर टक्के बरोबर. आरोपी मात्र साफ चुकला!

माहीत आहे का? आपल्याकडे बॅटरीचा खून बहुतेक वेळा उन्हाळ्यात होतो, प्रेत तेवढं थंडीत सापडतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात बॅटरीतलं पाणी उडतं, आतल्या शिशाच्या प्लेट झिजतात. तरी इंजिन गरम, ऑइल पातळ, म्हणून गाडी कशीबशी सुरू होत राहते. डिसेंबर उजाडला की दोन संकटं जोडीनं येतात. बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि त्याच वेळी इंजिन ऑइल काकवीसारखं घट्ट होतं. ताकद कमी, काम जास्त! शून्य अंशाला बॅटरीचा साधारण तिसरा हिस्सा जोर गळून पडतो. पुण्या-नाशकात पारा तेवढा उतरत नाही, पण आधीच अशक्त झालेल्या बॅटरीला १० अंशही पुरतात.

म्हणजे थंडी गाडी बिघडवत नाही. ती फक्त चुगली करते. वर्षभर बोनेटखाली झाकलेली पापं सकाळी सहा वाजता अख्ख्या सोसायटीसमोर उघडी पाडते. तर मंडळी, चावी फिरवा, आजचा शो सुरू!

पहिला धक्का

तुमच्या गाडीत टचस्क्रीन आहे, सनरूफ आहे, गाडी तुमच्याशी बोलतेसुद्धा. पण तिला जागं करणारी लेड-ॲसिड बॅटरी किती जुनी आहे, माहीत आहे का? फ्रान्सच्या गास्तों प्लाँतेनं ती १८५९ मध्ये बनवली. आपल्याकडे १८५७ चा उठाव होऊन दोनच वर्षं झाली होती! तेव्हा मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती.

आणि १२ व्होल्टची बॅटरी १२ व्होल्टची नसते. आत सहा सेल, प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचा. करा गुणाकार. ठणठणीत बॅटरी १२.६ दाखवते. नेमके १२ दाखवत असेल तर समजा, बाईसाहेब जवळजवळ उपाशी आहेत.

जंपर केबल डिकीत सगळ्यांच्या असते, लावायचा क्रम मात्र व्हॉट्सॲपवर विचारावा लागतो. लाल वायर आधी झोपलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग जाग्या बॅटरीच्या प्लसला. काळी जाग्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक? झोपलेल्या बॅटरीला नाही! बंद गाडीच्या इंजिनावरच्या एखाद्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. कारण शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून निघतो हायड्रोजन. दिवाळी होऊन गेलीय, आता फटाके नकोत.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमलीय? गाडी बंद करून, वायरी सोडवून, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं घासा. भज्यांचा सोडा चालतो. भजी नंतर!

आता जरा मागे जाऊ. सेल्फ नव्हता तेव्हा काय करायचे? हँडल मारायचे! आणि इंजिननं उलटा झटका दिला की हँडल थेट मनगटावर. हे इतकं सर्रास व्हायचं, की मनगटाजवळच्या एका विशिष्ट फ्रॅक्चरला डॉक्टरांनी चक्क ‘शोफर्स फ्रॅक्चर’ असं नाव दिलं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक सेल्फ आला आणि जगभरच्या मनगटांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

मुंबईकरांनो, तुमच्या प्रीमियर पद्मिनीचा चोक आठवतोय? गारठ्यात तो ओढला की हवा कमी, पेट्रोल जास्त, आणि काळी-पिवळी खोकत खोकत का होईना, उठायची. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या टॅक्सीसेवेतून कायमची उतरली. टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षं आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदवली गेली होती २००३ मध्ये. हिशेब चुकता!

‘‘दादा, जरा धक्का मारता का?’’ हा आपला राष्ट्रीय सेवाभाव. पण समोरची गाडी ऑटोमॅटिक असेल तर धक्का मारून फक्त तुमचा व्यायाम होतो. तिचं इंजिन आणि चाकं यांच्यात तसा थेट सांधाच नसतो. आधी विचारा, ‘‘क्लच आहे का?’’ आणि मगच बाह्या सरसावा.

पहिला ब्रेकडाऊन कुणी निस्तरला? एका आईनं!

माहीत आहे का? जगातला पहिला लांब पल्ल्याचा कारप्रवास एका बाईनं केला, तोही नवऱ्याला न सांगता. ऑगस्ट १८८८, जर्मनी. कार्ल बेंझची बायको बर्था पहाटे उठली, ऑयगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना घेतलं आणि मानहाइमहून थेट फोर्त्सहाइमला निघाली. माहेरी! अंतर १०० किलोमीटरच्या वर. रस्त्यात पेट्रोलपंप नाही, मेकॅनिक नाही, जगात दुसरा ड्रायव्हरही जवळपास नाही.

इंधनाची नळी तुंबली. बर्थाताईंनी टोपीची पिन काढली आणि नळी मोकळी केली. वायर उघडी पडली, तर मोज्याच्या पट्ट्याचं इन्सुलेशन केलं. ब्रेक झिजले, तर वाटेतल्या चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. आजच्या ब्रेक लायनिंगची ती पणजी! इंधन संपलं तेव्हा व्हीस्लोख गावच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं, जे तेव्हा डाग काढायला वापरायचे. म्हणून ते औषधाचं दुकान आज जगातला पहिला पेट्रोलपंप म्हणून मिरवतं. चढावर मुलांनी गाडी ढकलली. घरी परतल्यावर बाईंनी नवऱ्याला ठणकावलं, की चढासाठी आणखी एक गिअर हवा.

टेस्ट ड्राइव्हचा रिपोर्ट असा द्यावा!

जर्मनीत आहोतच, तर तिथले दोन कायदे. ऑटोबानवर पेट्रोल संपून गाडी थांबली तर दंड, कारण टाकी बघणं तुमच्या हातात होतं. आणि थंडीत सकाळी गाडी ‘गरम करत’ उगाच उभी ठेवली, तरी दंड!

थांबा, हा दुसरा कायदा आपल्या काकांना जरूर वाचून दाखवा. दहा मिनिटं गाडी जागेवर घुरघुरत ठेवण्याची सवय कार्ब्युरेटरच्या जमान्यातली. आताच्या इंजेक्शनवाल्या इंजिनाला अर्धा मिनिट पुरे. त्यानंतर पहिले काही किलोमीटर ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून चालवा. जागेवर उभ्या गाडीपेक्षा चालती गाडी कितीतरी लवकर तापते. दहा मिनिटांच्या घुरघुरीत पेट्रोल तर जातंच, शिवाय शेजारचा अभ्यासाला उठलेला दहावीचा मुलगाही शिव्या देतो.

धूर की वाफ?

सकाळी सायलेन्सरमधून पांढरे लोट निघतात आणि पोटात गोळा येतो. घाबरू नका, ते पाणी आहे. माहीत आहे का? एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे एक लिटर पाणी तयार होतं! उन्हाळ्यात ते अदृश्य वाफ होऊन निघून जातं, थंडीत ढग होऊन दिसतं. रोज फक्त भाजी आणायला दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचा सायलेन्सर नीट तापतच नाही, पाणी आतच साचतं आणि तो आतून गंजतो. म्हणून आठवड्यातून एकदा गाडीला जरा लांब फिरवून आणा. निमित्त हवं? हुरडा पार्टी!

रंगांची ओळख मात्र करून ठेवा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल-डिझेल जास्त पडतंय. आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, वर गोडसर वास येत असेल, तर कूलंट इंजिनात शिरतोय. आता गाडी बाजूला घ्या, मेकॅनिकला फोन लावा आणि एटीएम कुठे आहे ते बघा.

वायपरची गोष्ट, तीन बायका आणि एक हट्टी प्रोफेसर

ही गोष्ट जरा निवांत वाचा, कारण सिनेमा व्हावा अशी आहे. झालाही!

१९०२-०३ चा हिवाळा, न्यूयॉर्क. अलाबामाहून आलेल्या मेरी अँडरसन ट्रॅममध्ये बसल्या होत्या. बर्फमिश्रित पाऊस पडत होता आणि ड्रायव्हर बिचारा समोरचं दिसावं म्हणून काच उघडून गारठत होता. मेरीबाईंनी विचार केला, आतून दांडा ओढला की बाहेर रबराची पट्टी फिरेल असं काही केलं तर? नोव्हेंबर १९०३ मध्ये पेटंट मिळालं. मग त्या ते विकायला गेल्या. कंपनीचं उत्तर काय आलं असेल? ‘यात धंदा नाही.’ पेटंटची मुदत संपली, गाड्यांना वायपर आले आणि मेरीबाईंना मिळाला भोपळा. अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव लागलं २०११ साली!

दुसरी बाई, शार्लट ब्रिजवुड. १९१७ मध्ये विजेवर चालणाऱ्या वायपरचं पेटंट यांच्या नावावर. यांनाही भोपळा.

तिसरी या शार्लटबाईंचीच लेक, फ्लॉरेन्स लॉरेन्स. मूकपटांच्या जमान्यातली हॉलिवूडची अगदी पहिल्या फळीतली स्टार, आणि गाड्यांची वेडी. १९१४ च्या सुमारास तिनं बटण दाबताच गाडीच्या मागे वर-खाली होणारा हात बनवला, म्हणजे आजच्या इंडिकेटरचा पूर्वज. पेटंट घेतलंच नाही! एवढी कल्पक नटी आणि तिचा इंडिकेटर. आपण मात्र शंभर वर्षांनी तो फुकट मिळूनही लावत नाही.

आता प्रोफेसर. रॉबर्ट कर्न्स यांच्या लग्नाच्या रात्री शँपेनचं बूच उडून डोळ्यात गेलं आणि एक डोळा जवळजवळ अधू झाला. पुढे रिमझिम पावसात गाडी चालवताना त्यांच्या मनात आलं, पापणी जशी थांबून थांबून मिटते तसा वायपर का चालू नये? त्यांनी थांबून थांबून चालणारा वायपर बनवला, मोटार कंपन्यांना दाखवला आणि काही वर्षांत तसेच वायपर कंपन्यांच्या गाड्यांवर झळकले, कर्न्सना न विचारता! गडी कोर्टात गेला. बराच काळ वकिलाशिवाय स्वतःच लढला. १९९० मध्ये फोर्डनं १ कोटी २ लाख डॉलर मोजून तडजोड केली, पुढे क्रायस्लरविरुद्धही ते जिंकले. ‘फ्लॅश ऑफ जिनियस’ हा २००८ चा सिनेमा त्यांच्यावरच. तुमच्या दांड्यावर ‘आयएनटी’ लिहिलेलं बटण दिसतं ना? तेच हे!

काचेची गोष्ट निघालीच आहे तर एक झटपट टीप. थंडीत काच आतून धुरकटते, कारण चार माणसांचा श्वास, गप्पा आणि गरम वडापाव. रुमालानं पुसत बसू नका, एसी लावा. हो, थंडीत! एसी हवेतला ओलावा शोषून घेतो. हवा जरा कोमट ठेवा, बाहेरची हवा आत येऊ द्या, मिनिटभरात काच लख्ख.

हीटर लावला की पेट्रोल जास्त खातो? जवळजवळ नाही. पेट्रोल इंजिन इंधनातल्या ऊर्जेचा मोठा भाग नुसती उष्णता म्हणून वाया घालवतं, हीटर त्यातलाच थोडा उचलतो. जगात फुकट मिळणाऱ्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक.

इलेक्ट्रिक गाडीला मात्र ही फुकटची ऊब नाही, उष्णतेसाठी बॅटरीच खर्च होते, म्हणून थंडीत रेंज घटते. तरीही २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर १० नव्या गाड्यांपैकी जवळपास ९ इलेक्ट्रिक असलेला देश कोणता? नॉर्वे! थंडीचं कारण सांगून ईव्हीला नाकं मुरडणाऱ्यांनी इथे कृपया पान उलटावं.

बोनेटखालचे भाडेकरू

रात्री गाडी लावता, इंजिन ऊबदार. त्या ऊबेला कोण येतं? उंदीरमामा! आणि मामांचे दात सतत वाढतात, म्हणून कुरतडायला काहीतरी लागतंच. वायरिंग समोर असताना दुसरं शोधायचं कशाला? होंडा कंपनी अमेरिकेत यावर चक्क तिखट टेप विकते. मिरचीतला झणझणीत घटक लावलेली ही पट्टी वायरींना गुंडाळायची. आपल्याकडे तंबाखूची पानं ठेवतात. डांबरगोळ्या ठेवणार असाल तर एक सांगतो, ब्लोअर लावला की पहिला वास तुम्हालाच येतो.

उंदरामागून मांजर. जपानमध्ये निसान कंपनीनं थंडीसाठी एक लाडिक मोहीम चालवली. गाडी सुरू करण्याआधी बोनेटवर दोन थापा मारा, आत झोपलेल्या मनीमाऊला पळू द्या! तिकडे तिचं नाव ‘नेको बान बान’. खर्च शून्य, पुण्य भरपूर.

उंदरामागून आणखी कोण येतं, ते आपल्या गावोगावच्या सर्पमित्रांना विचारा. बोनेटवर थाप जरा जोरात मारा!

हवा कुणाची?

डॅशबोर्डवर सकाळी टायरचा पिवळा दिवा लागतो आणि दुपारी आपोआप विझतो. भुताटकी? नाही, भौतिकशास्त्र. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधली हवा सुमारे १ पीएसआयनं उतरते. दुपारी ३० अंश आणि पहाटे १० अंश अशा पुणेरी थंडीत तीनेक पीएसआय असेच गायब. म्हणून हवा तपासायची ती सकाळी, टायर थंड असताना. महामार्गावर ५० किलोमीटर पळवून मग पंपावर मोजलेला आकडा निव्वळ थाप मारतो.

पैसे देऊन नायट्रोजन भरता? माहीत आहे का, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. उरलेल्या २२ टक्क्यांचं बिल नीट बघा.

टायरची जन्मतारीख कुठे असते? बाजूच्या भिंतीवर, चार आकड्यांत. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा मालक सांगेल ‘टायर अगदी नवे’, तुम्ही शांतपणे खाली वाका आणि पत्रिका वाचा.

आणि हे सगळं वजन कशावर उभं असतं? चार टायर, प्रत्येकाचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम तुमच्या तळहाताएवढा. ताशी १२० च्या वेगानं समृद्धी महामार्गावर धावताना चार तळहातांवर भरवसा. तळहात गुळगुळीत नकोत, इतकंच.

आता सरप्राइज! हिवाळी टायरचा शोध आणि तुमचा जुना न तुटणारा मोबाइल, यांचं नातं काय? दोघांचं घराणं एक! १९३४ मध्ये फिनलंडच्या ज्या रबर कारखान्यानं बर्फासाठी जगातला पहिला हिवाळी टायर बनवला, तोच पुढे विलीनीकरणातून नोकिया कंपनीचा भाग झाला. टायरवाले १९८८ मध्ये वेगळे झाले आणि ‘नोकियन’ नावानं आजही बर्फाचे टायर बनवतात. २०१३ मध्ये त्यांनी गोठलेल्या समुद्रावर ऑडी पळवली, वेग ताशी ३३५ किलोमीटरच्या वर! कनेक्टिंग पीपल, पण जरा घाईत.

स्टेपनी नसलेली नवी गाडी बघून फसवणूक झाली असं वाटलं? नियमच बदललाय. २०२० पासून ट्यूबलेस टायर, हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तर कारला स्टेपनीची सक्ती नाही.

धुकं, ऊस आणि अप्पर-डिप्पर

आता जरा आवाज खाली आणतो, कारण ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही.

५० मीटरपलीकडचं दिसेनासं झालं की हवामान खातं त्याला ‘अति दाट धुकं’ म्हणतं. ताशी ८० च्या वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर कापते. करा भागाकार. समोरचं दिसल्यापासून तिथे आदळेपर्यंत हातात सव्वादोन सेकंद! त्यातला एक सेकंद मेंदूला ‘अरे बापरे’ म्हणण्यातच जातो. दिल्ली-आग्र्याजवळच्या यमुना एक्स्प्रेस-वेवर म्हणूनच हिवाळ्यात वेगमर्यादा घटवतात.

धुक्यात अप्पर लावणं हा सगळ्यात लोकप्रिय गाढवपणा. प्रकाश पाण्याच्या थेंबांवर आपटून परत तुमच्याच डोळ्यांत येतो, समोर पांढरी भिंत. डिप्पर ठेवा, फॉग लॅम्प असतील तर लावा. आणि चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवू नका, मागच्याला तुम्ही उभे आहात की वळताय हेच कळत नाही.

रस्त्यावर मधोमध चमकणारे ते डोळे कुणाचे? इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या पर्सी शॉचे. धुक्याच्या रात्री घरी येताना मांजराचे डोळे चमकताना दिसले आणि कल्पना सुचली, असं सांगतात. १९३४ ला पेटंट. गंमत पुढेच आहे. चाक वरून गेलं की त्याचं रबर दबतं आणि आत साचलेल्या पावसाच्या पाण्यानं काच पुसली जाते. डोळे स्वतःच स्वतःला पुसतात! पर्सीभाऊ यावर चांगलेच गब्बर झाले. वायपरवाल्या मेरीबाईंनी बघायला हवं होतं.

पण साहेब, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नगरकडे पहाटे निघणार असाल तर यमुनेचं धुकं विसरा, ऊस आठवा! दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू होतो आणि रात्रभर ट्रॅक्टर-ट्रॉल्या, ट्रक, बैलगाड्या कारखान्याकडे निघतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या. ऊस मागे इतका लोंबतो, की मागचे लाल दिवे आणि रिफ्लेक्टर त्यातच गडप. त्यात पंक्चर होऊन एखादी ट्रॉली रस्त्यातच उभी, मागे खूण म्हणून एक दगड. धुक्यात ही ट्रॉली ५० मीटरवरून दिसतच नाही, दिसते ती १५ वरून. दर हंगामात कारखाने आणि आरटीओ मिळून रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा काढतात, पण उसाची मोळी रिफ्लेक्टरला जुमानत नाही. आमचा स्पष्ट सल्ला, या पट्ट्यात हिवाळ्यात उजाडल्यावरच निघा. नऊची मीटिंग दहाला झाली तर जग बुडत नाही.

आपली थंडी, त्यांची थंडी

पुण्याचा विक्रमी गारठा १.७ अंश, जानेवारी १९३५. मुंबईचा ७.४ अंश, जानेवारी १९६२. महाबळेश्वरला वेण्णा लेकजवळ उभ्या जीपच्या टपावर दवबिंदू गोठले की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो ठरलेला. यावर आपण टोपी, मफलर, शेकोटी सगळं काढतो.

आता सैबेरियात चला. याकुत्स्कला उणे ४० म्हणजे रोजचंच. तिथे गाडीला रजई पांघरतात, खिडक्यांना दुहेरी काच लावतात आणि गरम गॅरेज नसेल तर कित्येक जण गाडी बंदच करत नाहीत!

अलास्कातल्या फेअरबँक्सला गाड्यांच्या तोंडातून वायर लोंबताना दिसते. सगळ्या इलेक्ट्रिक? छे, पेट्रोलच्याच! इंजिनात हीटर बसवलेला असतो, त्याचा प्लग रात्री भिंतीत खोचायचा. कॅनडात एडमंटन-कॅल्गरीला मुलाकडे गेलेल्या आई-बाबांना पार्किंगमधले हे प्लग पाहून मुलाच्या लाइट बिलाचीच काळजी लागते.

कॅनडातच चर्चिल गावात लोक गाडीला कुलूप लावत नाहीत. एवढे प्रामाणिक? कारण वेगळंय! रस्त्यात पांढरं अस्वल समोर आलं तर कुणालाही जवळच्या गाडीत उडी मारता यावी. तिथे गावात घुसणाऱ्या अस्वलांसाठी ‘तुरुंग’ही आहे.

एस्टोनियात मुख्य भूमीपासून हियुमा बेटापर्यंत कडाक्याच्या थंडीत गोठलेल्या समुद्रावरच रस्ता उघडतो. नियम ऐका. सीटबेल्ट लावायचा नाही! बर्फ फुटला तर झटकन बाहेर पडता यावं म्हणून. आणि ताशी २५ ते ४० च्या मधला वेग वर्ज्य. त्या वेगात बर्फाखालच्या पाण्यात लाटा उठतात आणि त्याच बर्फ फोडू शकतात. एकतर रमतगमत जा, नाहीतर सुसाट. पुणेकरांच्या दुचाकीला हा नियम जमणार नाही.

अंटार्क्टिकावर पहिली कार कधी पोहोचली, माहीत आहे का? १९०८! अर्नेस्ट शॅकलटनच्या मोहिमेत स्कॉटलंडची अॅरोल-जॉन्स्टन गाडी होती. टणक बर्फावर चालली, भुसभुशीत बर्फात चाकं रुतली. मग काय, धक्का मारायला पेंग्विन!

आपल्याकडेही बर्फ आहेच. मनाली, सोनमर्गला सेल्फीसाठी निघालेल्या मराठी गाड्यांनो, हे तुमच्यासाठी. साध्या डिझेलमध्ये मेण असतं, कडक थंडीत ते गोठून फिल्टर बंद. लडाखमध्ये ट्रकवाले डिझेलच्या टाकीखाली आग पेटवायचे, विचार करा! २०१९ मध्ये इंडियन ऑइलनं खास हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालून वर गेलात तर इंजिन तडकू शकतं. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं घातलं की गोठणबिंदू थेट उणे ३७ च्या आसपास. खारदुंग-लासारख्या खिंडीत तर हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या निम्मा, इंजिनला धाप लागते. तुम्हालाही.

२०२० साली सुरू झालेला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ओलांडताच लाहौलचा बर्फ समोर येतो आणि ‘ब्लॅक आइस’ही. हा बर्फ काळा नसतो, पारदर्शक असतो, खालचं डांबर दिसतं म्हणून काळा भासतो. पुलावर तो आधी धरतो, कारण पुलाला खालूनही वारा लागतो. अशा बर्फावर थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापटीपर्यंत अंतर लागू शकतं. कचकन ब्रेक नाही, झटक्यानं वळण नाही, गिअर खालचा.

आणि एक गोष्ट अजिबात विनोद न करता. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये २० हून अधिक पर्यटक दगावले. काही थंडीनं, काही बंद गाडीत साचलेल्या कार्बन मोनॉक्साइडनं. या वायूला रंग नाही, वास नाही. सायलेन्सर बर्फात गाडला गेला असेल आणि इंजिन चालू असेल, तर धूर आतच शिरतो. अडकलात तर आधी खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, काच थोडी उघडी ठेवा, इंजिन सलग चालू ठेवू नका. बंद गॅरेजमध्येही हाच धोका, अगदी पुण्यातसुद्धा.

चला, वाचून झालं! आता उद्या सकाळी एकच काम. गाडी सुरू करण्याआधी बोनेटवर दोन थापा मारा आणि जवळच्या पंपावर जाऊन पाचही टायरची हवा तपासा. हो, पाचही. डिकीतल्या स्टेपनीत शेवटची हवा कधी भरली होती, आठवतंय का?